अर्ध्या तिकिटातला सिनेमा

लहानपणी आवडलेला चित्रपट मोठेपणी पुन्हा पाहू नये, असा एक सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तेव्हा ज्या विनोदाला पोट धरून हसलो तो आता पांचट वाटेल, ज्या बाहुल्याला घाबरलो त्याच्यामागचा हात दिसेल, आणि इतकी वर्षं मनात जपलेलं काहीतरी फुकट हातचं जाईल, असं या सल्ल्यामागचं गणित असतं. गणित चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी वहीतलं आहे. जिथे मुलांसाठी म्हणून वेगळे चित्रपट निघतात, त्यांची खेळणी निघतात, आणि आईबाप मुलांना सोबत म्हणून थिएटरात जातात, तिथे ते लागू पडत असेल. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी या गावांत १९८० आणि ९०च्या दशकांत वाढलेल्या पिढीच्या वाट्याला मुलांचा असा सिनेमा जवळजवळ आलाच नाही. या पिढीने मोठ्यांच्या मांडीवर बसून, मोठ्यांसाठी काढलेलाच सिनेमा पाहिला. एसटीत अर्धं तिकीट निघायचं तसं इथेही बालपणाचं अर्धं तिकीट होतं, आणि त्या तिकिटात सिनेमाही अर्धाच दिसला. उरलेला अर्धा शेजारी बसलेल्या आईने, मामाने, आजीने पाहिला. म्हणून माझं म्हणणं असं की आपण लहानपणीचा सिनेमा ‘पुन्हा’ पाहतच नाही. त्याचा राहिलेला भाग पहिल्यांदा पाहतो, तोही शेजारच्या त्या मोठ्या माणसाच्या जागेवर बसून.

मुलांच्या सिनेमाचा विचार सरकारने केला नव्हता असं नाही. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी १९५५ साली स्थापन झाली आणि तिने काही चांगले चित्रपटही काढले. पण २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली तेव्हा मराठवाड्यातल्या किती घरांना तिचं नाव ठाऊक होतं, हा प्रश्नच आहे. आपल्याकडचा रिवाज साधा होता. गणपतीत वर्गणीतून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, चौकात टेबलावर मांडायचा आणि रात्रभरात तीन कॅसेटी उरकायच्या. पहिली देवाधर्माची, दुसरी विनोदी, तिसरी मारधाडीची. तिसरी लागेपर्यंत बारकी पोरं सतरंजीवरच झोपलेली असायची. दूरदर्शनवर रविवारी दुपारी मूकबधिरांसाठीच्या बातम्या संपल्या की प्रादेशिक चित्रपट लागायचा, कधी बंगाली, कधी मल्याळम, आणि नशीब असलं तर मराठी. जत्रेतल्या तंबूची गोष्ट तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटामुळे जगभर पोचली. त्या तंबूत वयाप्रमाणे रांगा नसायच्या. कायद्यालाही वयाची बारीक वर्गवारी उशिराच सुचली. १९८३पर्यंत सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी ‘यू’ आणि ‘ए’ अशी दोनच प्रमाणपत्रं होती. त्या वर्षी ‘यूए’ आलं, आणि त्यात सात, तेरा, सोळा अशा पायऱ्या पडायला २०२३ची दुरुस्ती यावी लागली. तोवर जो सिनेमा घराला चालायचा तो घरातल्या पोरालाही चालायचा.

आता सगळ्यांना तोंडपाठ असलेलाच चित्रपट घेऊ. सचिन पिळगांवकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ सप्टेंबर १९८८मध्ये पडद्यावर आला. लेखन वसंत सबनीसांचं, मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या हिंदी चित्रपटातली. मुलाच्या डोळ्यांना त्यात काय दिसलं? साड्या. लक्ष्मीकांत बेर्डेंचा परशुराम पार्वती होतो, सचिनचा सुधीर सुधा होतो, आवाज बारीक करताना मधेच घसा दगा देतो, पदर हातात राहतो आणि विग डोक्यावर राहत नाही. एवढ्यावर दोन पिढ्या हसल्या, यात काहीच गैर नाही. पण मुखर्जींच्या त्या चित्रपटाचं नाव आठवून पाहा: ‘बीवी और मकान’. आपण बीवी पाहिली, मकान पाहायचं राहून गेलं.

मकान म्हणजे पुण्यातली भाड्याची खोली. धनंजय माने हा तिथे एका खोलीत राहणारा साधा नोकरदार. त्याच्याकडे आधी एक येतो, मग दुसरा, मग तिसरा. मालक विश्वास सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, भाडं एकाचं घेतो आणि राहताना पाहतो चौघांना. सत्तर रुपयांचा तो अजरामर प्रसंग लहानपणी नुसता थापेबाजीचा नमुना वाटतो. आज पाहताना ती रक्कम कानात राहते, कारण सत्तर रुपयांसाठी अशोक सराफांच्या माने या माणसाला किती अक्कल खर्च करावी लागते ते दिसतं. पुढे लीलाबाई काळभोर यांचा बंगला मिळतो, पण अट एकच: बिऱ्हाड जोडप्याचं हवं. लग्न न झालेल्या, बाहेरगावाहून आलेल्या तरुणाला शहरात छप्पर मिळत नाही, एवढी कोरडी बातमी या सगळ्या गोंधळाच्या बुडाशी आहे. ती बातमी परभणीकरांना जितकी कळावी तितकी मुंबईकरांनाही कळणार नाही. आजही रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाणारं पोरगं सदाशिव पेठेत किंवा शास्त्री रोडच्या आसपास कॉट बेसिसवर जागा शोधतं, म्हणजे खोली नाही, खोलीतली एक खाट. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, मेसचे पैसे वेगळे, आणि फोनवर पहिला प्रश्न ‘बॅचलर का?’ दुसरा प्रश्न बहुतेकदा आडनावाचा. सरपोतदारांनी निदान आडनावावरून दार लावलं नव्हतं, हे पुन्हा पाहताना जाणवतं आणि थोडं टोचतं. ‘बनी तो बनी, नाही तर परभणी’ ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. तिचा उगम काहीही असो, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न देणाऱ्या मुलाच्या तोंडी ती आली की तिच्यातली गंमत निघून जाते.

विनोदी सिनेमात एवढं शोधायचं म्हणजे उगाच उकरून काढायचं, असं कोणी म्हणेल. पण विनोदाची यंत्रणा नीट उघडून पाहिली तर हा आरोप टिकत नाही. साडी नेसलेला पुरुष ही गोष्ट आपल्या तमाशात, दशावतारात, गावच्या नाटकात शेकडो वर्षं आहे, तिला एकटीला अडीच तास हसू आणता येत नाही. इथे प्रत्येक प्रसंगात एक टांगती तलवार आहे. सोंग उघडं पडलं तर खोली जाणार. ती भीती खरी आहे म्हणून पदर घसरला की आपण हसतो. मुलाला भीती कळत नसते, पण तिचा ताण मोठ्यांच्या अंगातून त्याच्यापर्यंत पोचतो आणि तोही हसतो. म्हणजे लहानपणी आपण हसलो ते योग्य जागी, फक्त कारण माहीत नव्हतं.

हेच दुसऱ्या टोकाला ‘श्यामची आई’चं. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट १९५३चा. १९५४मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, आणि नंतर शाळाशाळांनी तो मुलांना रांगेत बसवून दाखवला. त्यामुळे त्याच्यावर संस्काराचा शिक्का असा बसला की पोरांच्या लेखी तो सिनेमा राहिलाच नाही, मूल्यशिक्षणाचा तास झाला. आईने पोहायला कसं पाठवलं, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला जप असं कसं शिकवलं, एवढंच लक्षात राहिलं. मोठेपणी पाहावं तर ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कर्जाची आहे. खोतीचं वैभव पाहिलेलं घर एकेक पायरी खाली येतं, दागिने जातात, सावकाराचा माणूस दारात बसतो, घरातल्या बाईला बोलतो, आणि ती बाई आजारात खंगून जाते. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि पार्श्वभूमी कोकणातली आहे, तरी ज्या घरात सातबाऱ्यावरचा बोजा पिढीजात उतरत आलाय त्या घराला यातला शब्दन् शब्द ओळखीचा वाटेल. २००८ची कर्जमाफी, २०१७ची कर्जमाफी, २०१४चा सावकारी नियमनाचा कायदा, इतकं सगळं होऊनही दारात बसलेला तो माणूस मराठवाड्यात अजून उठलेला नाही. शाळेत शेजारी बसलेल्या गुरुजींना हे दिसत होतं का? दिसत असावं. मास्तरांच्या पगारावर घरचं देणं फेडणारे त्यांच्यात कमी नव्हते. पण मुलांना ते सांगायचं कसं, म्हणून त्यांनी आईची माया सांगितली असेल. सुजय डहाके यांनी २०२३मध्ये हीच गोष्ट पुन्हा कृष्णधवल रंगात मांडली, तेव्हा निदान या निमित्ताने जुनी फिल्म कोणी काढून पाहिली असेल तर बरंच झालं.

आणि ‘माहेरची साडी’? विजय कोंडके यांच्या या १९९१च्या चित्रपटाची टिंगल करणं सुशिक्षितांना फार सोपं जातं. मूळ राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला, अलका कुबल यांनी रडून रडून भिजवलेला, उषा नाडकर्णींच्या सासूने गाजवलेला. तो लागला तेव्हा गावोगावच्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला आल्या, हे अजून सांगितलं जातं. त्या ट्रॉलीत पोरंही होती. पोरांना सिनेमा कंटाळवाणा वाटला, आणि एक प्रश्न मात्र कायमचा राहिला: आई एवढी का रडली? या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर नव्हतंच, ते खुर्चीवर होतं. जात्यावरच्या ओव्यांची परंपरा ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच उमगेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांच्या प्रकल्पात अशा लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि त्यांतला मोठा भाग सासर, माहेर, भाऊ, बाप यांच्याभोवतीच फिरतो. जनाबाईच्या गंगाखेडातल्या बाईला जात्याशी बोलण्याची सवय पिढ्यान्पिढ्यांची. पिठाची गिरणी आली, जातं माळ्यावर गेलं, आणि बोलायची जागा गेली. १९९१ साली तीन तासांपुरती ती जागा टॉकीजच्या अंधारात पुन्हा मिळाली. मोठेपणी हा चित्रपट पाहताना कलागुण शोधले तर हाती फारसं लागणार नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, छळाविरुद्धचं ४९८अ कलम १९८३चं, आणि १९९१च्या चित्रपटाकडे सोसण्यापलीकडे उपाय नाही, याचा रागही यावा. पण त्या रागासोबत ट्रॉलीतल्या बाईचं रडणं कळलं तर पाहण्याचं चीज झालं म्हणायचं.

सगळ्याच चित्रपटांत एवढं दडलेलं असतं असं नाही. महेश कोठारेंच्या ‘धूमधडाका’त (१९८५) मुलींसाठी श्रीमंत स्थळ हवं म्हणून हटून बसलेला बाप आहे, आणि त्याला फसवायला खोटा श्रीमंत उभा करावा लागतो. आज शेती करणाऱ्या मुलाला पोरगी द्यायला कोणी तयार नाही, ही गावोगावची तक्रार आहे, आणि डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात तर बाशिंग बांधून घोड्यावर बसलेल्या तरुणांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. एवढं आठवून हसू थोडं कमी झालं, तर तेवढंच. दादा कोंडक्यांच्या बाबतीत गंमत उलटी. लहानपणी अर्ध्या चड्डीची लोंबती नाडी पाहून हसलो, मोठेपणी कान उघडे असतात म्हणून लाजायची पाळी येते.

आता मूळ सल्ल्याकडे वळू: पुन्हा पाहिलं की आठवण नासते. आठवण म्हणजे पेटीत घडी घालून ठेवलेलं वस्त्र असतं, असं गृहीत धरलं तर हे खरं. पण आठवण तशी नसते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या आपल्या पुस्तकात याचा एक मजेदार पुरावा दिला आहे. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची भुतांच्या लढाईची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने, काहींना तर काही वर्षांनी, ती आठवून लिहायला सांगितली. गोष्ट दर वेळी वाचकाच्या ओळखीच्या जगाकडे सरकत गेली. डोंगीची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, कळलं नाही ते गळून गेलं. आपण लहानपणच्या सिनेमाचं तेच केलेलं असतं. वाढदिवसाला, कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर त्याचे आठ-दहा संवाद घोळवून घोळवून आपण आपला वेगळाच सिनेमा रचला, आणि जपायचा म्हणतो तो हा. मूळ चित्रपटाने तो नासत नाही, फार तर दोघांची तोंडओळख होते. ‘झपाटलेला’ (१९९३) घ्या. तात्या विंचूच्या भीतीने अंथरुणात पाय आखडून झोपलेली पोरं आज चाळिशीत आहेत. ती भीती परत येणार नाही, हे कबूल. पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला मान कशी वळवतो, पापणी कशी लववतो, दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्याच्या जबड्याशी कसा जुळवून घेतलाय, हे आता दिसतं. संगणकाची जादू आपल्या सिनेमात रुळायच्या आधी, मराठी निर्मात्याला परवडेल एवढ्या पैशांत, हाताने केलेलं काम. भीती गेली आणि बदल्यात कारागिरी दिसली, हा सौदा मला तोट्याचा वाटत नाही.

याच सल्ल्याची एक बाजू कोणी बोलत नाही. ‘परत पाहिला आणि मजा नाही आली’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी मूळ चित्रपट पाहिलेलाच नसतो. फोनवर मिळते ती कोणा व्हीसीडीवरून उतरवलेली, रंग विटलेली, डोकी कापलेली, मधली गाणी गाळलेली प्रत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४चं. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून तिथे रिळं गोळा केली. तरी जानेवारी २००३मध्ये पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत कितीतरी जुनी नायट्रेट फिल्म जळून गेली. लोकांना आवडलेले, पण पुरस्कारांच्या यादीत नसलेले १९८०च्या दशकातले मराठी चित्रपट नीट जपले जावेत, ही मागणी अजून पुरेशा जोरात कोणी करत नाही. आणि मूळ म्हणावं ते तरी एकच कुठे असतं? ‘शोले’ ऑगस्ट १९७५मध्ये लागला तो आणीबाणीत, आणि ठाकूर गब्बरला पायाखाली ठार करतो तो शेवट सेन्सॉरच्या सांगण्यावरून बदलून तिथे पोलीस आणले गेले. देशाने पन्नास वर्षं पोलीस येतानाच पाहिले. जून २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दुरुस्त केलेली प्रत जुन्या शेवटासह दाखवली गेली. ज्यांना आपला बालपणीचा ‘शोले’ शाबूत हवा आहे, त्यांनी तो सेन्सॉरकडून घेतलेला आहे हेही लक्षात ठेवलेलं बरं.

याहून जड आक्षेप वेगळा आहे. या चित्रपटांत बाईची, काळ्या रंगाची, जाडेपणाची, तोतरेपणाची, तृतीयपंथीयांची टिंगल आहे. मुलीच्या मागे लागणं म्हणजे प्रेम, असा समज त्यांनी पोसला. मग ते पुन्हा लावायचे कशाला आणि पोरांना दाखवायचे कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती मी नाकारत नाही. तो काळच तसा होता, ही पळवाटही मला पटत नाही, कारण त्याच काळात तसं न वागणारी माणसंही होती आणि टिंगल होणारी माणसंही. पण दार लावून घेतल्याने काय साधतं? ते विनोद रिळांतून निघून कधीच मोबाइलवर पोचलेत, तीस सेकंदांच्या तुकड्यांत, मागचापुढचा संदर्भ सोडून. मुलगा ते तुकडे एकटाच पाहतो. पूर्वी तो निदान मोठ्यांच्या शेजारी बसून पाहायचा. अख्खा चित्रपट एकत्र बसून पाहिला, मधे थांबवला, ‘हे तेव्हा आम्हाला हसायला आलं, आज का येत नाही’ एवढं बोललं गेलं, तर ती जागा परत भरून निघते. आणि खरी अडचण मुलांची नसतेच. आपण कशाला हसलो होतो हे पोटच्या पोरासमोर उघडं पडण्याची लाज मोठ्यांना असते. ती वाटू द्यावी.

बाजाराचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. स्मरणरंजन हा आता धंदा झालाय, यात शंका नाही. ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला आणि त्याने २०१८च्या पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला केला, तेव्हापासून जुनी पोस्टरं झटकून बाहेर काढण्याची चढाओढ लागली. व्यापाऱ्याने जुनी आवड विकली म्हणून ती आवड खोटी ठरत नाही, दिवाळीला फराळ विकत आणला म्हणून दिवाळी खोटी ठरत नाही तशी. एवढंच की विकणाऱ्याला आपण पुन्हा तेच अर्धं तिकीट काढायला हवं असतं. संवाद म्हणा, शिट्ट्या मारा, रील बनवा आणि घरी जा. राहिलेल्या अर्ध्याची त्याला पर्वा नसते.

हे सगळं व्हीसीआरच्या पिढीपुरतं आहे, नंतरच्या मुलांना मुलांचा सिनेमा मिळाला, असंही कोणी सुचवेल. मिळाला, पण घरात एक टीव्ही होता तोवर रिवाज तोच राहिला. नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ एप्रिल २०१६मध्ये आला तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली मुलं आज मतदार आहेत. त्यांना ‘सैराट’ म्हणजे काय ते विचारा. हळदीत आणि मिरवणुकीत वाजणारं गाणं, विहिरीतली उडी, बुलेटवरची आर्ची. शेवट दाखवायची वेळ आली तेव्हा कितीतरी घरांत मोठ्यांनी पोरांच्या डोळ्यांवर हात धरला होता किंवा टीव्हीच बंद केला होता. मार्च २०२५मध्ये हा चित्रपट पुन्हा थिएटरात लागला. ज्या मुलांनी दहाव्या वर्षी त्यावर नाच केला ती एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे स्वतः परशा-आर्चीच्या वयाची होऊन, तो पाहत होती, डोळ्यांवर कोणाचा हात नसताना. त्यांच्या गावात आंतरजातीय लग्नाला काय होतं हे तोवर त्यांना पडद्याबाहेरही कळलेलं होतं. नऊ वर्षांत चित्रपट एका फ्रेमनेही हलला नव्हता.

‘बनवाबनवी’कडे शेवटचं एकदा परत जायचं तर आता चौघांवरून नजर काढून लीलाबाई काळभोरांकडे न्यावी. नयनतारांनी केलेली ही म्हातारी आपल्याला कायम अडथळा म्हणून आठवते. ती आली की लपायचं, विग चढवायचा. पण ती बंगल्यात जवळजवळ एकटी आहे. भाड्याची तिला फार निकड दिसत नाही. जोडपं हवं ही अट नीतीची आहे तशी घरात सुना वावराव्यात या इच्छेचीही असणार, कारण पार्वती आणि सुधा आल्यावर तिचा चेहरा बदलतो, ती त्यांचे लाड करते, आणि शेवटी फसवणूक उघडकीला आल्यावरही तिला राग धरून ठेवता येत नाही. पडद्यावरच्या त्या चौघांपैकी सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही २००४ साली गेले, सरपोतदार झालेले सुधीर जोशी त्यानंतर. १९८८मध्ये सतरंजीवर बसून साड्यांना हसलेली पोरं आज पन्नाशीकडे झुकलीत. वसमत रोडला, कारेगाव रोडला त्यांनी कर्ज काढून घरं बांधली, मुलांसाठी वर एक खोली चढवली. मुलं पुण्याला कॉट बेसिसवर आहेत. कुठल्या तरी मराठी चॅनेलवर हा चित्रपट लागलेला असतो, खाली बसून नवराबायको तो पाहतात, आणि वरची खोली भाड्याने द्यायची तर कोणाला द्यायची, पोरांना की जोडप्याला, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.